चावीवाल्यांच्या घरातली कुलपं

चावीवाले घरातून पहिल्यांदा निघून गेले तेव्हा दाराला साधी कडी होती, म्हणून काकूंनी सगळा दोष कडीला दिला. डॉक्टरांनी अल्झायमर असल्याचं सांगून तेव्हा सहा महिने झाले होते. लेक धावत आली, सापडलेल्या बापाला जेवू घातलं आणि निघताना चपला घालता घालता म्हणाली, "आई, परत असं झालं तर मला लगेच सांगायचं. मग बाबांना देखभाल केंद्रात ठेवायचं. यावर चर्चा नाही."

काकूंनी मान हलवली. चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्या माणसाला लोखंडी पलंगांच्या रांगेत नेऊन ठेवायचं, हे त्यांच्या गळी उतरणारं नव्हतं. पण लेकीशी वाद घालायला अंगात त्राण लागतं, आणि ते कधीच संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक दणकट कुलूप आणलं. ज्याने जन्मभर लोकांची कुलपं उघडली त्याला कुलूप लावून घरात ठेवायचं, हे डोकं चावीवाल्याच्या बायकोचंच! चहा गाळून होईपर्यंत कुलूप उघडलेलं, उंबऱ्यावर काकूंच्याच केसांचा आकडा पडलेला आणि चावीवाले पसार. बायकोचं नाव, लेकीचं लग्न, सकाळचं जेवण, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. बोटांना मात्र हे कोणी कळवलंच नव्हतं.

ते दोन चौक पलीकडे सापडले, एका बंद शटरसमोर उकिडवे बसलेले. इस्त्रीवाल्याने हात धरून घरी आणून सोडलं. "काका कामावर होते," तो म्हणाला. हसावं की रडावं हे काकूंना कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं नाही. संध्याकाळी लेकीचा फोन आला. "सगळं ठीक," काकू म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या.

आकडे त्यांनी तांदळाच्या डब्यात लपवले आणि केस रबरबँडने बांधायला लागल्या. दुसरं कुलूप आलं, मग तिसरं. चावीवाले दिवसभर दारापाशी. धंद्यात होते तेव्हा गिऱ्हाइकांबद्दल त्यांची एकच तक्रार असायची: लोक आधी स्वतःच तासभर खटपट करतात, कुलपाची पार वाट लावतात आणि मग चावीवाल्याला बोलावतात. आता तक्रार गेली होती, खटपट उरली होती. काकू बाथरूमलाही दार उघडं टाकून जायच्या, एक कान बाहेर ठेवून.

दर गुरुवारी हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत अशा घरांतली माणसं जमायची. पेशंटना शेजारच्या खोलीत सिस्टर सांभाळायच्या. इकडे प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये टिश्यूचा डबा आणि समोर समुपदेशक बाई. एक निवृत्त कंडक्टर होते, त्यांची बायको आजारी. ते दर गुरुवारी न चुकता रडायचे. "मदत मागा," बाई म्हणायच्या. "हे एकट्याने ओढायचं काम नाही." काकूंना वाटायचं, बाई कंडक्टरना सांगताहेत. डबा काकूंपुढे आला की त्या एक टिश्यू घेऊन चष्मा पुसायच्या आणि डबा पुढे सरकवायच्या.

कुलपांचं मात्र त्यांनी एकदा विचारलं. आपल्याला नाही, शेजारणीला अडचण आहे, अशा थाटात. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, कुलूप दिसलं की काकांना काम दिसतं. कुलपं काढून टाका. नुसती कडी लावा आणि सगळ्या दारावर भिंतीच्या रंगाचा पडदा सोडा."

चावीवाल्याचं घर आणि दाराला कुलूप नाही! पण काकूंनी ऐकलं. चावीवाले पडद्यापर्यंत आले, कापडावरून हात फिरवला आणि माघारी जाऊन खुर्चीत बसले. एक दिवस गेला. चार दिवस गेले. काकूंचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. चार दिवसांत त्यांना काही म्हणजे काहीच वाटलं नाही, आणि याचीच त्यांना थोडी भीती वाटली.

पाचव्या दिवशी दुपारी चावीवाले खुर्चीत पेंगत होते. काकू बाथरूममध्ये गेल्या आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी दार लावून गोल मुठीचं बटण दाबलं. टप्. बादली पालथी घालून त्या तिच्यावर बसल्या. रडायचं ठरवूनच आल्या होत्या. दहा मिनिटं मिळाली तर उरकून घेऊ, असा हिशेब. पण डोळे कोरडे ठणठणीत. त्यांनी समोरच्या फरश्या मोजल्या. नळाला टॉवेल गुंडाळला, टपटप थांबली. तरी काही येईना.

मग मुठीत खरखर झाली.

घरात उरलेलं तेवढंच एक कुलूप, ते चावीवाल्यांना सापडलं होतं. काकू उठल्या नाहीत. ती खरखर त्यांच्या ओळखीची होती. आधी घाईची, मग हळू, मग एकदम बंद, म्हणजे आत काहीतरी हाताला लागलं. मूठ फिरली, दार उघडलं. चावीवाल्यांच्या हातात सरळ केलेली क्लिप होती. हॉस्पिटलच्या फाइलीला लावलेली तीच. मागे खोलीभर रिपोर्ट पसरले होते.

त्यांनी काकूंकडे पाहिलं. ओळख पटली नाही, पण गिऱ्हाईक आहे एवढं कळलं.

"घाबरू नका ताई. झालं," ते म्हणाले. "बराच वेळ अडकला होता का?"

"हो," काकू म्हणाल्या. "बराच."

"मग आधीच का नाही बोलावलंत? सगळे असेच. एकटेच झटत बसतात."

आवाज अगदी जुना होता, गिऱ्हाइकावर चिडायचा. काकूंना आठ महिन्यांचं रडू एकदम आलं. चावीवाले बाजूला झाले. बाईमाणसाला वाट द्यायची त्यांची सवय होती.

काकूंनी रिपोर्ट ओलांडले आणि फोन उचलला.

"आई? काय झालं? रडतेयस का?"

"बाबा परत बाहेर गेले होते. दोन महिने झाले त्याला. मी तुझ्याशी खोटं बोलले."

काकूंनी पदराने नाक पुसलं.

"केंद्रात नाही ठेवायचं," काकू म्हणाल्या. "पण मला एकटीला जमत नाहीये. तू ये. रविवारी ये, बुधवारीही ये. इथे बस त्यांच्यापाशी. मला झोपायचंय."

"निघते," लेक म्हणाली. "आत्ताच निघते."

मागे टप् झालं, मग परत टप्. चावीवाल्यांनी बटण दोनदा दाबून, मूठ दोनदा फिरवून नीट तपासून पाहिली आणि क्लिप खिशात टाकली.

"आता नाही अडकायचं, ताई," ते म्हणाले. "पण अडकलंच, तर लगेच बोलवा."