टाचांवरचं वजन

सरावात थर्मन गेजनं इशारा ओरडून दिला, आणि समोरची पोरं तशीच थांबली. चौघांनी मान वळवून आधी सहायक कोच टिब्सकडे पाहिलं. टिब्सनं टोपीला बोट लावलं, तेव्हा कुठे ती फळी डावीकडे सरकली.

"कान घरी ठेवून आलात काय रे?" थर्मन गरजला. "ओरडतोय मी, आणि बघताय त्याच्याकडे?"

"सॉरी, कोच," डिक्वान पुटपुटला. फळीतला सगळ्यात दांडगा पोरगा. तो गालातल्या गालात हसतोय असं थर्मनला वाटलं.

थर्मनची तरुणपणची वर्षं व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये गेली होती, तीही बचावाच्या पहिल्या फळीत. तिथे चेंडू क्वचितच हाताला लागतो, समोरच्याचं डोकं मात्र रोज डोक्यावर आदळतं. मग मिसिसिपीतल्या आपल्या गावी परतून त्यानं शाळेचा संघ उभा केला. येताना एक विद्या तेवढी बरोबर आणली होती: माणसाचं वजन कुठे आहे ते बघायचं. समोरच्या गड्यानं गवतावर हात दाबून टेकला असेल तर तो अंगावर येणार. बोटं नुसती लागलेली आणि वजन टाचांवर असेल तर मागे सरकणार.

आणि मार्विन टिब्स हल्ली त्याच्यासमोर उभा राहिला की सगळं वजन टाचांवर असायचं.

टिब्स त्याचाच चेला. बापाविना वाढलेलं पोर, थर्मनच्या बायकोच्या, अर्नेस्टीनच्या हातचा मक्याचा कॉर्नब्रेड खाऊन मोठं झालेलं. आता सहायक कोच झाला होता आणि डोळा थर्मनच्या जागेवर होता. दुसरं काय असणार? प्रिन्सिपलबाईंच्या खोलीतून गुपचूप बाहेर पडताना थर्मननं त्याला पाहिलं होतं. मंगळवारी तर त्याची गाडी थर्मनच्याच दारात उभी होती.

"रताळी द्यायला आला होता," अर्नेस्टीन भांडी विसळता विसळता म्हणाली.

थर्मननं सगळं स्वयंपाकघर पालथं घातलं. रताळं औषधालाही सापडलं नाही.

"कुठायत रताळी?"

"आता रताळ्यांवरही संशय का रे, थर्मन?" ती हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले, आणि घरात कांदा तर कुणी चिरत नव्हतं.

बायकोही फितूर झाली, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं.

आजचा सराव संपल्यावर त्यानं पोरांना जुन्या संघाची गोष्ट सांगितली. तिथे इशाऱ्यांना शहरांची नावं असायची, टल्सा म्हणजे डावीकडे, मेम्फिस म्हणजे उजवीकडे. या शाळेत झाडांची नावं होती, पेकन आणि सायकमोर. तो बोलत असताना डिक्वानचे ओठ हलत होते, शब्दाला शब्द. टिंगल चालली होती, आणि ती टिब्सनंच शिकवलेली असणार.

"उद्याच्या सामन्याला तू मैदानात नको," त्यानं टिब्सला बाजूला घेऊन सांगितलं. "वर बस, लोकांत."

"कोच, उद्या नको. तेवढं ऐका माझं."

"का? तुझ्यावाचून माझं अडतंय की काय?"

टिब्स पाऊलभर मागे सरकला. "तसं नाही, कोच."

"सोमवारी मी प्रिन्सिपलबाईंशी बोलणार आहे. तुझ्या जागी दुसरा माणूस बघा म्हणून सांगणार."

टिब्सनं टोपी काढून हातात घेतली.

शुक्रवारी अख्खं गाव बाकांवर होतं. सामना शेवटच्या घटकेला आला, चेंडू पाहुण्यांकडे होता आणि थर्मनच्या संघाची आघाडी कशीबशी टिकून होती. थर्मननं समोरच्या फळीचे हात पाहिले. हलके होते, म्हणजे मागे सरकून चेंडू फेकणार. त्यानं छाती भरून इशारा दिला.

पोरांनी सवयीनं कडेला पाहिलं. टिब्स तिथे नव्हता. डिक्वाननं एकदा थर्मनकडे नजर टाकली आणि खणखणीत ओरडला, "पेकन! पेकन!" फळी डावीकडे सरकली, आणि डिक्वाननं फेकणाऱ्यालाच उताणा पाडला. गाव उसळलं.

"शाब्बास!" पाहुण्यांनी वेळ मागून घेतल्यावर थर्मननं त्याच्या पाठीवर थाप मारली. "पण माझाच शब्द परत कशाला ओरडलास रे, पोपटा?"

डिक्वान हेल्मेट काढून दम खात होता. पोरगंच ते, बोलून गेलं. "तुम्ही टल्सा म्हणालात ना, कोच. नवीन पोरांना पटकन उमगत नाही. टिब्स कोचनी पाठ करून घेतलंय सगळ्यांकडून, टल्सा म्हणजे पेकन, मेम्फिस म्हणजे..." तो थांबला.

"मी टल्सा म्हणालो?"

डिक्वाननं होकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून, कोच."

थर्मननं वर पाहिलं. गाव नाचत होतं, पण अर्नेस्टीन आणि टिब्स जागचे उठले नव्हते. दोघंही त्याच्याकडेच बघत होते, आणि तिनं टिब्सचा हात घट्ट धरून ठेवला होता. टोपीला लावलेलं बोट, डिक्वानचे हलणारे ओठ, प्रिन्सिपलबाईंची खोली, न आलेली रताळी, सगळ्याचा अर्थ त्याला एकदम लागला. ही सगळी त्याचं विसरणं झाकत होती. लाजेनं त्याचा चेहरा तापला.

हात हलवून त्यानं टिब्सला खाली बोलावलं. टिब्स पायऱ्या उतरून धापा टाकत आला.

"पुढचे इशारे तू दे."

"तुम्हीच द्या, कोच. मी आहे ना बाजूला."

"दे म्हणतो ना, लेका!" त्याचा आवाज चिरकला. मग हळूच म्हणाला, "आणि ते सोमवारचं मी विसरलो. तूही विसर."

टिब्सनं टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि तो रेषेपर्यंत पुढे गेला. थर्मननं सवयीनं त्याचे पाय पाहिले. वजन चवड्यांवर होतं. मग त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं. टाचा गवतात रुतल्या होत्या.