लाल ते पुसायचं

यादी पिवळी आली.

आक्कांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला. यादी पिवळीच. मधे मधे निळ्या ओळी. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झालेली, इस्पितळाच्या तळघरातल्या त्या खोलीत त्या एकट्याच, आणि समोरच्या काळ्या पडद्यावर गेली अकरा वर्षं जे लाल-हिरवं दिसायचं ते आज पिवळं-निळं.

"कोण मेलं हात लावून गेलं?" त्या मोठ्याने म्हणाल्या. मशीनशी बोलायची त्यांना सवय होती. मशीन उलट बोलत नाही, एवढं एक सुख.

खोलीतलं काम साधं. वरच्या मजल्यांवर काढलेले एक्स-रे या मशीनमध्ये येऊन पडायचे. ते टेपवर उतरवायचे आणि मग जागा व्हावी म्हणून मशीनमधून पुसायचे. कुठली फाइल टेपवर गेली नि कुठली नाही, ते तिच्या नावाच्या शेवटच्या तीन अक्षरांत असे. पण वीस-वीस आकडी नावं दिवसभर वाचणार कोण? म्हणून दुपारपाळीच्या मास्तरांनी फार पूर्वी मशीनला रंग शिकवले. टेपवर गेलेली लाल, न गेलेली हिरवी. "लाल ते पुसायचं, हिरव्याला हात लावायचा नाही," एवढ्या एका मंत्रावर त्यांनी आक्कांना धुलाईखान्यातून उचलून या खुर्चीत बसवलं होतं. चादरींच्या घड्या घालणारी बाई टर्मिनलवर आज्ञा लिहायला लागली, त्याचं तेव्हा सगळ्या इस्पितळाला हसू आलं होतं. मास्तरांना आलं नव्हतं.

पण आज सगळ्यांवरच संशय घेण्याचा दिवस होता. पिशवीत साहेबांचा मेमो होता. तीन आठवड्यांपूर्वी एका सुताराच्या छातीचे जुने फोटो टेपवर न जाताच पुसले गेले होते, दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी. दोन्ही पाळ्या एकाच नावाने मशीनमध्ये शिरायच्या, त्यामुळे हात कोणाचा ते मशीन सांगेना. पण वहीत आक्कांची जातानाची वेळ दोन वीसची होती. साहेबांनी तेवढ्यावर ओळखलं. आज चारपर्यंत लेखी खुलासा. नाहीतर परत धुलाईखाना.

"मशीनचा दोष म्हणून लिहून टाका, आक्का," मास्तर काल म्हणाले होते. "मी आहे ना."

आक्कांनी रात्री नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मास्तर भला माणूस आहे. तुला काय, नळाला पाणी आलं तरी संशय. कोणी सोडलं, का सोडलं!"

"अहो, भला माणूसच पाठीमागे उभा राहू शकतो. बाकीच्यांना आपण उभं राहू देतो का?"

आता त्या खुर्ची पुढे ओढून शोधायला बसल्या. रंगांची फाइल साध्या यादीत दिसत नाही. तिच्या नावाआधी टिंब असतं, नि टिंबवाल्या फाइली मशीन मागितल्याशिवाय दाखवत नाही. आक्कांनी मागितल्या. एक नव्हती, दोन होत्या. जुनीत एकतीस आणि बत्तीस लिहिलेलं: लाल, हिरवा. नवीत तेहतीस आणि चौतीस: पिवळा, निळा. कोणीतरी रोज एक काढून दुसरी बसवत होतं, नि जाताना पुन्हा पहिली. काल परत बसवायची राहिली होती. नवी बसवल्याची वेळ होती काल दुपारी दोन अठ्ठावीस.

दोन अठ्ठावीसला या खुर्चीत कोण असतं, हे सांगायला साहेबांची गरज नव्हती.

म्हणजे शिकवणाराच! आपण चुकावं म्हणून रंग फिरवायचे, नि वर म्हणायचं, मी आहे ना? दीड वर्षात मास्तर निवृत्त होणार. त्यांच्या जागी कोणाला बसवायचं ठरलं असेल? पुतण्या? भाचा? आक्कांनी दहा मिनिटांत मास्तरांना एक भाचा दिला, त्याला नोकरी नव्हती असंही ठरवलं.

दोन वाजता त्यांनी वहीत जाण्याची सही केली, दार आवाज करून लावलं आणि गेल्याच नाहीत. जुन्या फिल्मच्या मांडणीमागे उभ्या राहिल्या.

मास्तर आले. डबा ठेवला, बसले. पडद्यावर कालची पिवळी यादी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "राहिलंच की," स्वतःशी म्हणाले. मग नाक काचेला टेकेल इतके पुढे वाकले आणि एक एक ओळ बोटाने धरून वाचू लागले. आकड्यांसकट. शेवटच्या तीन अक्षरांसकट. जे कोणीच कधी वाचत नसे.

आक्का बाहेर आल्या. "मास्तर."

मास्तर दचकून उभे राहिले. "अरे! तुम्ही गेल्या नाहीत?"

"वही विसरले." टेबलावर एकावर एक दोन वह्या पडल्या होत्या, एक लाल, एक हिरवी. आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लाल तेवढी द्या."

मास्तरांचा हात निघाला, आणि दोन्ही वह्यांच्या वर थांबला.

"वरची की खालची?" त्यांनी विचारलं.

आक्कांनी लाल वही स्वतःच उचलली. मास्तर हळूच खाली बसले.

"तीन महिने झाले," ते म्हणाले. "छातीचं औषध चालू आहे. त्यातली एक गोळी डोळ्याला लागते. आधी वाटलं, पडदाच खराब झाला. लाल आणि हिरवं दोन्ही मातीसारखं दिसायला लागलं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"त्यांना नाही सांगितलं."

"का? ते ओरडतील म्हणून?"

"ते ओरडले असते तर चाललं असतं. ते विचारतील, तुम्ही काम काय करता. मग चिठ्ठी साहेबांकडे, आणि मी खिडकीत. नंबरांचे बिल्ले वाटायला." मास्तरांनी डब्याचं झाकण विनाकारण फिरवलं. "पिवळं-निळं अजून दिसतं. म्हणून बदलून घेतलं. पण ते नंतर, आक्का. त्या दिवसानंतर."

"दोन सातला."

"तुम्ही मागे टेप लावत होतात. मला वाटलं, लाल आहे."

तीन आठवडे. तीन आठवडे हा माणूस रोज डबा उघडून आपल्याला भाजी देत होता. आक्कांना भाच्याची लाज वाटली, आणि रागही काही कमी झाला नाही.

"माझ्या नावाचा मेमो तुम्ही वाचलात. मोठ्याने वाचलात. स्वल्पविरामसुद्धा सोडला नाहीत."

"हो."

"सुताराचं काय झालं?"

"जुने फोटो असते, तर डाग जुनाच आहे हे तिथल्या तिथे कळलं असतं." मास्तर पडद्याकडे बघत बोलत होते. "नव्हते म्हणून कापून बघितलं. जुनाच निघाला. परवा वॉर्डात जाऊन आलो. तो मला विचारत होता, आता रंधा धरता येईल का."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, मी डॉक्टर नाही."

घड्याळात तीन वाजून गेले होते. मास्तर उठले आणि खुर्ची मागे सरकवून धरली. "बसा. मी सांगतो, तुम्ही लिहा. मला आता बारीक अक्षर नीट दिसत नाही."

आक्का बसल्या. खरं सांगायचं तर अजूनही त्या प्रत्येक वाक्याच्या शेपटाकडे बघत होत्या. कुठे आपलं नाव हळूच शिरतंय का, कुठे "आम्ही" येतंय का. मास्तर सावकाश सांगत होते. "सदर फाइल माझ्या हातून पुसली गेली. त्या वेळी सकाळपाळीच्या बाई खोलीत होत्या, परंतु मशीनवर नव्हत्या." आम्ही कुठेच नव्हतं. सगळीकडे मी.

"गोळीमुळे झालं असं घालू?" आक्कांनी विचारलं. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मऊ निघाला.

"गोळीने काय केलंय? ती आपलं काम करतेय. मी तोंड उघडलं नाही, ते घाला."

"उद्या तरी डॉक्टरांकडे जाल?"

"हा कागद वर गेला की मी न जाता राहीन होय? साहेबच हाताला धरून नेतील."

आक्कांना हसू आलं, तेही त्यांनी नीट येऊ दिलं नाही. कागद छापून आला. त्यांनी तो सबंध वाचून दाखवला. मास्तरांनी मान डोलावली, खिशातलं पेन काढलं आणि कागदावर वाकले. पेनाचं टोक कागदाच्या वर फिरत राहिलं, एकदा उजवीकडे गेलं, एकदा खाली. सहीची रेघ बारीक आणि फिकट छापली गेली होती.

आक्कांनी रेघेच्या सुरुवातीला बोट ठेवलं. मास्तरांनी डाव्या हाताने ते बोट चाचपलं, तिथे पेन टेकवलं.

"इथे?"

"इथेच. आता सरळ जा."

मास्तरांनी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं, शाळेत लिहितात तसं. रेघ संपली तरी नाव संपलं नव्हतं. आक्कांनी कागद थोडा डावीकडे सरकवला.