हिराबाईनं हँडल उचललं

लग्न होऊन सात वर्षं झाली, तरी शहापूरच्या बाजारापलीकडे हिराबाईचं पाऊल कधी पडलं नव्हतं. म्हणून दसऱ्यानंतर चार दिवसांनी भाऊ बारकू शेणव्याला तिच्या सासरी आला आणि म्हणाला, "चला, तुमाला लॉरीतून कसाऱ्याचा घाट दाखवतो," तेव्हा तिला ते खरंच वाटेना.

बारकू मुरबाडचा. शहापुरातल्या एका गवतवाल्याच्या लॉरीवर तो ड्रायव्हर होता. रिकामी लॉरी इगतपुरीला न्यायची आणि बटाट्याची पोती भरून सांजेला परतायचं, असं त्या दिवशीचं काम होतं.

हिराबाईचा नवरा सावळाराम फुकटच्या गोष्टीला कधी नाही म्हणत नसे. "तिकडं बाटली मिळंल ना?" एवढंच त्यानं विचारलं.

"मिळंल भावजी. सगळं मिळंल," बारकू म्हणाला.

तिघं पुढेच बसले. हिराबाई दाराशी, सावळाराम मध्ये. खर्डी मागे पडली तसे डोंगर जवळ आले. लवकर पिकणारं हळवं भात कापून झालं होतं, उशिराचं गरवं अजून उभं होतं, आणि उतारांवर सोनकी अशी फुलली होती की कुणी हळद सांडून गेलंय असं वाटावं. खाली बोगद्यातून आगगाडी धूर ओकत निघाली आणि हिराबाई मोठ्यानं हसली. कित्येक महिन्यांनी ती अशी हसली होती.

"दात काय काढतेस?" सावळारामानं तिच्या बरगडीत कोपर मारलं.

तिनं तोंडावर पदर धरला. बारकूनं ते पाहिलं, पण तो काहीच बोलला नाही. हिराबाईला तेच खटकलं. बारकू रागावला की आरडाओरडा करायचा, त्याची भीती नव्हती. पण लहानपणी तिला कुत्रा चावला होता, तेव्हा तो असाच मुकाट उठला होता आणि कुदळीच्या एका घावात त्यानं कुत्रं संपवलं होतं.

घाटातल्या एका वळणावर त्यानं लॉरी थांबवली. "इंजिन तापलंय. उतरा भावजी, हितून दरी झ्याक दिसते."

सावळाराम कठड्याच्या दगडांपाशी जाऊन उभा राहिला. बारकूनं मागून त्याची मानगूट धरली.

"माझ्या बहिणीच्या पोटावर लाथ कोनी घातली?"

"कोनी सांगितलं? पडवीत पडली ती!"

"शेजारच्या सकुबाईनं सांगितलं. पाच महिन्यांचं पोर गेलं." बारकूनं त्याला वळवून नाकावर डोकं हाणलं. रक्ताची चिळकांडी उडाली. मग बुक्के, लाथा. सावळारामाचं कपाळ कठड्यावर आपटलं, तो पलीकडे घरंगळला आणि दगडाला दोन्ही हातांनी लटकला. पायांखाली नुसती दरी होती.

"हिरे, सांग गो त्याला! हिरे!"

हिराबाई जागची हलली नाही. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं ते पोर तिला दिसलं, आणि पडू दे, असं तिच्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं. मग तिनं बारकूकडे पाहिलं. त्यानं दोन्ही हातांनी मोठा धोंडा उचलला होता, सावळारामाची बोटं ठेचायला. तिला वहिनी मैना आठवली, तिची दोन कच्चीबच्ची आठवली.

"दादा, नको! फासावर जाशील!"

"कोन बघतंय हितं?"

"मी बघतेय ना!"

त्यानं ऐकलंच नाही. लॉरीच्या तोंडाशी अडकवलेलं इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल तिनं उपसलं आणि सगळा जोर लावून भावाच्या मनगटावर हाणलं. हाड काडकन मोडलं. धोंडा रस्त्यावर पडला आणि बारकू हात पोटाशी धरून खाली बसला.

सावळाराम कोपरं टेकत वर आला. तोंड रक्तानं माखलेलं. त्यानं बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही. तोच धोंडा उचलून तो बसलेल्या बारकूच्या डोक्यावर धावला.

या वेळी हिराबाईनं विचार केला नाही. हँडल त्याच्या गुडघ्यावर बसलं आणि वाटी फुटली. सावळाराम गुरासारखा हंबरत आडवा झाला.

"हिरे, मी नवरा हाय तुझा!"

तिनं हँडल पुन्हा उचललं, डोक्यावर नेम धरून. अडवायला कुणीच नव्हतं. मग तिनं ते आपणच खाली केलं.

आता लॉरी चालवणारं कुणी उरलं नव्हतं. तिघं भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसून राहिले, एकमेकांपासून लांब लांब.

"माझाच हात मोडलास," बारकू म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"हात बसंल, दादा. मान बसली नसती."

बऱ्याच वेळानं नाशकाकडून कांद्याची लॉरी आली. तिच्या ड्रायव्हरनं दोघा जखमींकडे पाहिलं, रक्ताळलेल्या हँडलाकडे पाहिलं, आणि काहीएक न विचारता तिघांना पोत्यांवर चढवलं.

शहापूरला उतरल्यावर हिराबाई शेणव्याला गेली नाही. भावाबरोबर मुरबाडला गेली, ती कायमचीच. बायकोनं मारलं म्हणायची लाज, म्हणून सावळारामानं गावात घाटात घसरून पडल्याचं सांगितलं आणि जन्मभर लंगडत राहिला. बारकूचा हात वाकडा बसला. महिनाभर तो बहिणीशी बोलला नाही. पण तिच्या ताटात पहिली भाकर आपल्या हातानं वाढायचा.

दुसऱ्या वर्षी सावळारामानं किन्हवलीकडची एक पोर मागितल्याचं कानावर आलं. हिराबाई एकटीच चालत त्या घरी गेली आणि पोरीच्या आईसमोर बसून सगळं सांगितलं. लाथेचं सांगितलं, लुगड्यातल्या पोराचं सांगितलं, गुडघ्याचंही सांगितलं.

"हे सांगून तुला काय मिळनार, बाय?" आईनं विचारलं.

"काय नाय," हिराबाई म्हणाली. "तुमच्या पोरीला ठावं असावं."

ती सोयरीक मोडली.