शंभरपैकी शंभर खुणा

वर्गात तिला सगळे ‘डिक्शनरी’ म्हणत आणि हे नाव तिला आईबाबांनी ठेवलेल्या नावाहून लाडकं होतं. त्यामुळे इंग्रजीच्या बाईंनी शंभर शब्दांचा कागद वाटून “जो शब्द माहीत असेल त्याच्यापुढे फक्त खूण करा, अर्थ लिहायचा नाही” असं सांगितलं, तेव्हा तिचं पेन नुसतं उधळलं. काही शब्द ओळखीचे होते, काही तिने बापजन्मात पाहिले नव्हते. पण डिक्शनरीने शब्द सोडायचा म्हणजे नाकच कापलं की. शंभरच्या शंभर खुणा.

शेजारी बसलेली तिची मैत्रीण चिमणी मात्र एकेका शब्दाशी घासाघीस करत बसली होती. “अडतीसच झाल्या गं.”

“डोळे उघडून वाच की जरा,” डिक्शनरी म्हणाली.

“आता शेजारणीशी कागद बदला,” बाई म्हणाल्या. “यातले तीस शब्द मी मनाने रचलेत, इंग्रजीत ते नाहीतच. खऱ्या शब्दाच्या खुणेला एक गुण, खोट्याच्या प्रत्येक खुणेला दोन गुण वजा. चाळीसच्या खाली जाईल तिला उद्यापासून चार वाजता जादा तास.”

बाई फळ्यावर एकेक खोटा शब्द लिहीत होत्या आणि चिमणीचं लाल पेन डिक्शनरीच्या कागदावर तीसदा कर्रकर्र वाजलं. चिमणीच्या कागदावर मात्र फुली मारावी अशी एकही खूण नव्हती.

“सत्तरातून साठ गेले. दहा,” चिमणी कुजबुजली. “सांगू?”

“नको ना. मरेन मी.”

बाईंनी गुण विचारले. डिक्शनरीने मान खाली घालून चिमणीचे अडतीस सांगितले. मग चिमणी उठली. “हिचे सत्तर, बाई.”

“म्हणजे एकाही खोट्या शब्दाला फसली नाही,” बाई खुलल्या. “मग जादा तास हीच घेईल. मी मागे बसून ऐकते.”

“बाई, मला खरंच काही येत नाही हो.”

“पुरे तो विनय.”

टाळ्या पडल्या. चिमणीने तो कागद घडी करून स्वतःच्या दप्तरात सरकवला.

“दे ना गं, फाडून टाकते.”

“राहू दे. अभ्यासाला होईल,” चिमणी म्हणाली. “उद्या वेळेवर या हं, डिक्शनरीबाई.”