चाकाखालची माझी नोकरी

मी एक जुना काळा दगड आहे, मित्रांनो. मला कुणी घडवलं नाही. कामरगावच्या नाल्यात पाण्यानेच माझी एक बाजू उतरती केली. ती मुकेशच्या डोळ्यात भरली आणि मी त्याच्या प्रवासी जीपच्या चाकाखाली नोकरीला लागलो.

खरं तर ते काम हँडब्रेकचं. त्याची तार मागच्या चाकांतले ब्रेक-शू ताणून धरते. पण ती ढिली झाली होती. बॅटरीची कथा वेगळी. तिच्या पोटात शिशाच्या पट्ट्या आणि पातळ आम्ल असतं. पातळी उतरली की डिस्टिल्ड पाणी घालायचं. मुकेशने बोअरचं घातलं. क्षारांनी पट्ट्या खाल्ल्या आणि स्टार्टर नुसता कण्हू लागला. म्हणून जीप रोज चढावर उभी करायची, मला चाकाखाली सारायचं आणि सकाळी उतारावर सोडून इंजिन चालू करायचं. मुकेश बसला की मला बांधलेली दोरी ओढायची प्रयागबाई, वांगी घेऊन कारंज्याच्या बाजाराला जाणारी. लोक माझी तारीफ करायचे. दगडाला फुगता येत असतं तर मी फुगलो असतो.

एकदा प्रयागबाईचा गुडघा धरला होता, म्हणून ती आधीच पुढच्या सीटवर बसली. कचेरीत नोकरीला असलेल्या नरेंद्रला उशीर होत होता. मुकेश चहा संपवून येताना दिसला आणि तो बसायच्या आधीच नरेंद्रने घाईने दोरी ओढली. जीप निघाली. खाली फाट्यावर माणसं गाडीची वाट पाहत उभी होती. इतकी वर्षं मिरवलं, पण तेव्हा मला बोटभरही सरकता येईना.

मुकेश धावत सुटला. "प्रयागमाय, मधातलं पायडल दाब."

"गाडी तं बंद हाये, बिरेक लागन कसा?"

"लागते. दोन्ही पाय दे."

तिने मुकेशच्या सीटवर सरकून स्टिअरिंग धरलं, दुखरा गुडघा विसरली आणि पायडलवर अक्षरशः उभी राहिली. माणसांपासून दोन हातांवर जीप थांबली. मागची टोपली कलंडून वांगी सगळीकडे पळाली. बाकी कुणाला खरचटलंही नाही. मुकेश पोचला तरी ती पाय काढेना.

"गाडी तुही, अन् थांबवाव म्या?" म्हणाली. मग हसली, आणि सगळेच हसले. नरेंद्र खाली मान घालून वांगी वेचत होता.

पुंजाजी मिस्त्रीने सांगितलं, पायातल्या ब्रेकला बॅटरी लागत नाही. इंजिन बंद असलं की पायडल कडक लागतं, पण दाबलं की नळीतलं तेल जोर पुढे नेतं. मागच्या चाकांच्या ड्रममध्ये शू फाकून घासतात, पुढच्या चाकांच्या डिस्कला, म्हणजे फिरत्या चकतीला, पॅड दोन्हीकडून चिमटतात. त्याने नवी तार घातली आणि सीलबंद बॅटरी बसवली. "हिले पाणी पाजू नको," एवढं मुकेशला बजावलं. ई-रिक्षातली लिथियम बॅटरी तर उघडायचीच नसते म्हणे.

मुकेश आता सपाटीवर जीप लावतो. मला प्रयागबाईने बाजारात नेलं. तिच्या ताडपत्रीच्या कोपऱ्यावर बसून असतो. वारा आला की तेवढं धरायचं. वांग्यांचं वजन मला पेलतं, मित्रांनो. माणसांचं नको. तुमच्या दारातल्या गाडीखाली माझा एखादा भाऊ एकटाच राबत असेल, तर आज हँडब्रेक ओढून पाहा. त्याच्या अंगावरचं ओझं उतरू द्या.