मानसिंगरावांचा उंबरा

दत्तोबा आबांनी आयुष्यात एकच लबाडी केली, पण ती सत्तेचाळीस वर्षं चालवली.

ज्या उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी खूप खाली जाई, त्या उन्हाळ्यात भिगवणच्या पुढं बुडालेलं जुनं पिंपरगाव वर यायचं. गाव कसलं, महादेवाचं देऊळ आणि घरांच्या जागी राहिलेले दगड. आबा सणसरच्या घरून निघायचे, एका काळ्या उंबऱ्याला हळदकुंकू वाहायचे आणि तासभर तिथंच बसायचे. घरी सांगायचे, "आपल्या घराचा उंबरा हाय. माझी आई ह्याच्यावर बसून शेंगा फोडायची." बायको बनाबाई होती तोवर हळदकुंकवाची पुडी तीच बांधून द्यायची. "सासूबाईंना माझा बी नमस्कार सांगा," म्हणायची. पुडी खिशात घालताना आबांना स्वतःची अशी लाज वाटायची की सांगता सोय नाही. पण जायचं काही चुकलं नाही.

कारण तो उंबरा त्यांच्या घराचा नव्हताच मुळी. तो होता मानसिंगरावांच्या घराचा, आणि मानसिंगरावांना एक मुलगी होती, सारजा.

तेव्हा आबा बावीस वर्षांचे, गावातून कॉलेजात गेलेले पहिलेच. बारामतीत खोली घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. धरणासाठी गाव उठणार हे ठरलं होतं. सारजा त्याच उंबऱ्यावर उभी राहून त्यांना म्हणाली होती, "गाव उठायच्या आत आमच्या वडलांना ईचारा. मागनं कोण कुठं जाईल, काय नेम न्हाय." आबांना वाटलं, आत्ता काय तोंडानं विचारायचं? एकदा पदवी हातात येऊ दे, मग ताठ मानेनं मागणी घालू. वडलांचंही पत्र आलं की पेपर बुडवू नको, सामान आमी हलवतो. मग काय, शहाणं लेकरू पेपर लिहीत बसलं! शेवटचा पेपर टाकून आले तेव्हा गाव उठून आठ दिवस झाले होते. लोकांनी दारं, चौकटी, कौलं सगळी सोबत नेली होती. मानसिंगराव कुणी म्हणे करमाळ्याकडं गेले, कुणी म्हणे दौंडकडं. आबांनी सायकलवर दोन उन्हाळे शोधलं. पुढं कुणीतरी सांगितलं की पोरीचं लग्न झालं, आणि त्यांनी विचारणं सोडून दिलं.

पदवीनं काय दिलं? साखर कारखान्यात कारकुनाची खुर्ची. तीस वर्षं उसाच्या गाड्यांच्या पावत्या फाडल्या. त्याला सातवी पास माणूसही चालला असता.

म्हणून नात अबोली यंदा बारामतीहून इतिहासात बी.ए. होऊन आली आणि म्हणाली, "मला पुण्याला पुरातत्त्व शिकायचंय, दोन वर्षं," तेव्हा आबांनी ताटावरून मानच वर केली नाही.

तिचे वडील विजयसिंह मात्र उसळले. ठिबकच्या पाइपांचं दुकान चालवणारा माणूस, त्याला प्रत्येक गोष्टीत उपयोग दिसायला पाहिजे. "तुझा भाऊ मोहित इंजिनिअर झाला. एवढी फी भरली, आन आज एमआयडीसीत खोकी चिकटवतोय! तू दगडं हुडकणार, तर तुला पगार कोण देणार? महादेव? त्यापरास बी.एड. कर."

"दगड सगळं सांगतात, पप्पा. विचारता आलं पाहिजे."

"असं व्हय? मग बुडालेलं आपलं घर हुडकून दाखव. मी लहानपणी आबांसंगं गेलोय, मला ठावं हाय कुठं हाय ते. आबा म्हणले बरोबर, तर फॉर्म भरायला मी सोता पुण्याला येतो. आबा म्हणले चूक, तर बी.एड. कबूल?"

"कबूल," अबोली म्हणाली.

आबांना जेवता जेवता ठसका लागला म्हणून पोरीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

पंधरा दिवस ती कुठं कुठं हिंडली. धरणाच्या वेळी सरकारनं घरं ताब्यात घेताना केलेला नकाशा तिनं एका कचेरीतून मिळवला. त्यावर प्रत्येक घराला नंबर आणि मालकाचं नाव. आबा तिच्याकडं बघायचे आणि मनात म्हणायचे, चुकू दे गं बाई. लगेच स्वतःलाच शिव्या द्यायचे.

मेच्या शेवटी तिघं सकाळीच जीपनं निघाले. भिगवण मागं पडलं, मासळीचा वास मागं पडला. पाणी पार आत गेलं होतं आणि भेगाळलेल्या गाळात शिंपले चमकत होते. आबांचे पाय सवयीनं काळ्या उंबऱ्याकडं वळले. अबोलीनं देवळाच्या कोपऱ्याला टेप लावली. नकाशा बघायची, टेप ओढायची, खुंटी ठोकायची. काळ्या उंबऱ्याजवळ आली, थांबली आणि तशीच पुढं गेली. चांगले ऐंशी फूट पुढं जाऊन एका उघड्या दगडाशी उभी राहिली.

"हे आपलं घर," ती म्हणाली.

विजयसिंहांनी टाळीच वाजवली. "नापास! अगं, आपलं घर आबा बसलेत तितं हाय. निम्म्या तालुक्याला ठावं हाय. चला, बी.एड.!"

आबा बसल्या जागेवरून बघत होते. पोरगी बरोबर उभी होती. तिच्या पायापासून दोन हातांवर आईची चूल होती. त्या दगडाकडं आबा सत्तेचाळीस वर्षांत एकदाही गेले नव्हते. सख्ख्या आईचा उंबरा ऐंशी फुटांवर सोडून ते इथं बसत होते, परक्याच्या दारात. आता तोंड उघडावं, तर लेकासमोर सगळी अब्रू जाणार. न उघडावं तर? तर काही नाही. पोरगी मास्तरीण होईल, पगार येईल, सगळे खूश. गप्प बसणं किती सोपं होतं!

अबोलीनं नकाशा पुन्हा बघितला. मग आबांकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कुणास ठाऊक, पण ती टेप गुंडाळायला लागली.

"जाऊ द्या, पप्पा. आबा इथं जन्मले. मी नकाशा आत्ता कुठं बघितलाय. नकाशा चुकला असेल."

डोळे भरले होते पोरीचे, पण आवाज सरळ होता. आपल्या म्हाताऱ्याची लाज राखायला ती आपलं शिक्षण खोटं ठरवायला निघाली होती.

"नकाशा बरोबर हाय," आबा म्हणाले.

"काय?" विजयसिंह वळले.

"पोरगी बरोबर हाय. आपलं घर ती उभी हाय तितं हुतं. हे न्हवं."

"मग हे कुणाचं?"

"मानसिंगरावांचं." आबांनी काळ्या दगडावर हात ठेवला. "त्यांना एक मुलगी हुती."

विजयसिंह काळ्या दगडाजवळ आले. मग हळूच म्हणाले, "आन माझी आई जल्मभर पुड्या बांधून देत हुती, त्या हितं?"

"व्हय."

"तिला ठावं हुतं?"

"न्हाय रे. सांगायला मला तोंड कुठं हुतं?"

विजयसिंह पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेले आणि पाठ करून उभे राहिले. आबा उठले. ऐंशी फूट चालायला त्यांना फार वेळ लागला. आईच्या दगडापाशी बसून त्यांनी खिशातली पुडी सोडली, एक बोट आईच्या नावानं टेकवलं, एक बनाबाईच्या. "चुकलो," एवढंच म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडले. अबोली शेजारी बसून राहिली.

बऱ्याच वेळानं विजयसिंह परत आले. बापाकडं न बघता लेकीला म्हणाले, "फॉर्मची शेवटची तारीख कवा हाय?" आणि जीप सुरू करायला गेले.

आबा डोळे पुसत होते. अबोली हळूच म्हणाली, "आबा, कुणाला कुठं जमीन दिली त्याचं रजिस्टर असतं कचेरीत. मानसिंगरावांचं गाव सापडेल. शोधू?"

"आता काय करायचंय? आधी तुझं शिकणं हुं दे. परीक्षा झाली की मग बघू."

"गाव उठलं तेव्हा तुमचीही परीक्षा होती. तेव्हाही असंच म्हणाला असाल ना?" अबोलीनं विचारलं.

दूर काळा उंबरा उन्हात तापत होता. आणखी आठ-पंधरा दिवसांत त्याच्यावर पुन्हा पाणी चढणार होतं.

"वही हाय का तुझ्याकडं?" आबांनी विचारलं.

"आहे."

"रजिस्टरात बापाचं नाव असंल. तिचं नसंल. तिचं लिहून घे." सत्तेचाळीस वर्षांत ते नाव त्यांनी मोठ्यानं घेतलं नव्हतं. एकदा घसा खाकरून बघितला आणि मग म्हणाले, "सारजा."