रस्त्यावरून काळी खिडकी

चेतनाचं डोकं असं फिरलं होतं की समोर सासरा उभा आहे याचंही तिला भान राहिलं नाही. ओतूरच्या जैन उपाश्रयात तिनं बनवलेली रंगीत काचेची खिडकी कालच बसली होती, आणि आज सासरे पुखराजशेट गवंड्याला शिडी लावायला सांगत होते.

"काढ ती, हौशीराम! रस्त्यावरून काळीठिक्कर दिसतीय. लोक इचारतात, शेट, डांबर फासलं का?"

अहो, ज्याचा जन्म दुकानाची पाटी रस्त्याकडं तोंड करून लावण्यात गेला, त्याला खिडकीही पाटीच वाटणार की!

चेतना हे काम पुण्यात शिकली, जुन्या चर्चच्या खिडक्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडं. काच वितळतानाच तिच्यात रंग घालायचा, थंड झाल्यावर तुकडे कापायचे, नाक-डोळे रंगवून भट्टीत पक्के करायचे, मग शिशाच्या पट्ट्यांत एकेक तुकडा बसवून सांधे झाळायचे. पूर्वी परदेशात ज्यांना अक्षरओळख नव्हती ते असल्या खिडक्यांतून धर्माच्या गोष्टी वाचायचे, असं त्यानं सांगितलं आणि तिला सासूच आठवली. उगमबाई उपाश्रयात सामायिकाला, म्हणजे पाऊण तासाच्या जप-पाठाला, बसल्या की पुस्तक उलटं धरायच्या, आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. म्हणून चेतनानं खिडकीत महावीरांच्या आईला पडलेली चौदा स्वप्नं घातली होती.

"पप्पाजी, ऊन बाहेरून येतं, चित्र आतून दिसतं. आत येऊन बघा तरी!"

"आत कोण बघतंय? चार म्हाताऱ्या!" शेट खेकसले. "मार रे हातोडा!"

हौशीराम घुटमळला, पण शेटांपुढं त्याचं काय चालणार? कोपऱ्यातली एक काच खळ्ळकन फुटली. "खबरदार!" चेतना किंचाळली. रागानं तिला रडू फुटलं.

तेवढ्यात आतून उगमबाईंचा आवाज आला. "मी खिडकीखाली बसलेय. काय पडायचं ते माझ्या डोक्यावर पडू द्या!"

बायकोला ओढून काढायला शेट तणतणत आत गेले, मागोमाग चेतना. शेटांच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल-निळं ऊन पडलं. उगमबाईंनी बोट वर केलं.

"हत्ती. बैल. सिंह. लक्ष्मी. फुलांची माळ..." पार शेवटच्या बिनधुराच्या अग्नीपर्यंत चौदाच्या चौदा. कुठं अडखळल्या नाहीत. मग नवऱ्याकडं वळल्या.

"लगीन झाल्यापास्नं अडाणी म्हणून हिणवलंत. आज मी पयल्यांदा वाचलं. आता तुमीच फोडा, तुमच्या हातानं!"

बाहेरून हौशीरामनं विचारलं, "शेट, पुढची फोडू का?"

"उतर खाली, गाढवा!" शेट गरजले.

"त्याला कशाला गाढव म्हणता?" उगमबाई म्हणाल्या.